ताज्या कलमातली त्रेचाळीस माणसं

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून)

नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या ३१ वर्षांच्या डॉक्टरचं हे पत्र. मेडिसिनमध्ये एमडी झाली आहे. वडील तीन वर्षं डायलिसिसवर होते, पण गेले हृदयविकाराच्या झटक्यानं. तेव्हाच तिनं ठरवलं की हृदय आणि किडनी यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, याचाच अभ्यास करायचा. आता दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेत तीन वर्षांच्या संशोधन प्रकल्पावर तिला जागा मिळते आहे. पगार खासगी रुग्णालय देईल त्याच्या निम्म्याहून कमी. नवरा हाडांचा डॉक्टर. मनीषनगरात त्याचं हॉस्पिटल उभं राहतंय, कर्जाचे हप्ते सुरू झालेत, आणि पहिल्या मजल्यावरची ओपीडी सूनबाईंसाठीच, असं सासरे नातेवाइकांना सांगून बसलेत. तिच्या सरांचं म्हणणं, नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीच्या शास्त्रात, डीएम ही पुढची पदवी कर. आई म्हणते, "एवढं शिकून शेवटी उंदरांवर प्रयोग करणार का?" घरात तीन वर्षांचा मुलगा आहे.

ती विचारते: "मॅडम, रुग्ण सोडून संशोधनात जाणं हा स्वार्थ आहे का? एकतिसाव्या वर्षी सुरुवात करायची म्हणजे उशीरच नाही का झाला? नागपुरात राहून हे होणार नाही, एवढं मला कळतं."

शेवटी ताजा कलम: "ओपीडीत सिकलसेलचा (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) एक तरुण आला होता. क्रिएटिनिन अगदी नॉर्मल, पण लघवीतून प्रथिनं जात होती. तेव्हापासून सिकलसेलचं मोठं माणूस आलं की मी लघवी तपासते आणि एका वहीत नाव, वय, रिपोर्ट लिहून ठेवते. ४३ जण झाले. याचा माझ्या प्रश्नाशी तसा संबंध नाही."

उत्तर

तुला 'तू' म्हणते. तीस वर्षं मेडिकलच्या मुलामुलींना फिजिऑलॉजी शिकवलं, तुझ्या वयाच्या डॉक्टरांना अहोजाहो करणं जमतच नाही.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरं तर काळजीत पडले. त्यात पदं आहेत, शहरं आहेत, पगार आणि हप्ते आहेत, प्रत्येक माणसाचं म्हणणं आहे. पण तुला नेमकं काय शोधायचंय, ते कुठेच नाही. 'हृदय आणि किडनीचा संबंध' एवढ्यावर संशोधन होत नसतं. तो फार मोठा प्रदेश आहे, त्यात माणसं आयुष्यभर हिंडतात आणि रिकाम्या हातानं परततात. मग ताजा कलम वाचला. ज्याचा प्रश्नाशी संबंध नाही म्हणतेस, तोच तुझा प्रश्न आहे.

इतर वाचकांसाठी जरा उलगडून सांगते. आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदय जेवढं रक्त ढकलतं, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. दिवसाला साधारण १८० लिटर पाणी त्यातून गाळलं जातं, आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतलं जातं. हे गाळणं बरं चाललंय की नाही, हे आपण रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून ताडतो. तो वाढला की गाळणी बिघडली असं समजतो. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. सिकलसेलचा रुग्ण बहुधा किडकिडीत असतो, स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी. शिवाय त्याच्या किडनीच्या नलिका क्रिएटिनिन जास्त बाहेर टाकतात, आणि तरुण वयात त्याची गाळणी नेहमीपेक्षा जास्त वेगानं चाललेली असते. तेव्हा रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं आणि आत गाळणी झिजत असते. त्याच माणसाचं हिमोग्लोबिन कमी, म्हणून हृदयही वर्षानुवर्षं जास्त रक्त ढकलत राहतं आणि मोठं होतं. म्हणजे दोन्ही अवयव लहानपणापासून ओव्हरटाइम करताहेत, आणि आपण बघतोय फक्त क्रिएटिनिन. बाबांच्या आजारातून जे कोडं तुझ्या मनात शिरलं, तेच या मुलाच्या रूपानं पुन्हा तुझ्यासमोर येऊन बसलं. हे तुझ्या लक्षात आलं नाही, एवढंच.

आणि हा आजार विदर्भाला नवा नाही. नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोला, या दोन सरकारी रुग्णालयांत, महिनाभर ड्यूटी केलेल्या कुणालाही विचार. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. त्या तपासणीत जे सापडतील, ते तिशी-चाळिशीत पोचल्यावर त्यांच्या हृदयाचं आणि किडनीचं काय होतं, हे बघणारे डॉक्टर लागणार आहेत. ते इथलेच असतील तर बरं.

आता तुझे तीन प्रश्न. तिन्हींत तू काहीतरी गृहीत धरून चालली आहेस.

'रुग्ण सोडून' हे शब्द तुला कुणी दिले? लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटची गोष्ट तू पुस्तकात एका ओळीत वाचली असशील. सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची, ती पांढरी झाली की त्यात प्रथिन आहे, हे ओळखायचं. रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून आतल्या किडन्या बघायच्या. १८३६ साली त्यानं शंभर रुग्णांच्या नोंदी छापल्या, आणि त्यात लिहिलं की किडनी खराब असलेल्या अनेकांचं हृदय मोठं झालेलं आढळलं. हृदयाच्या झडपा चांगल्या असूनही. तुझ्या विषयाचं पहिलं पान हेच, आणि ते वॉर्डातून राउंड घेणाऱ्या डॉक्टरनं लिहिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही ही परीक्षा अजून तशीच करायला लावायचो. टेस्ट ट्यूबचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा, पांढरं दिसलं की ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. पांढरं विरलं तर फॉस्फेट, राहिलं तर प्रथिन. मुलं वीस मिनिटांत जर्नल भरून मोकळी होत. एखादीच थांबून विचारायची, "मॅडम, हे प्रथिन खाली आलंच कसं?" तू त्या एखादीतली आहेस.

तेव्हा रुग्ण सुटणार नाहीत, उलट त्यांच्याशिवाय तुझं कामच चालणार नाही. ज्याला क्लिनिकल संशोधन म्हणतात, ते ओपीडीत, वॉर्डात, गावात होतं. मात्र आईच्या 'उंदरां'ना मी हसणार नाही, तूही हसू नकोस. आईच्या गोळ्यांच्या डब्यात रक्तदाबाची गोळी असेल आणि तिचं नाव 'प्रिल'नं किंवा 'सार्टन'नं संपत असेल, तर तिला ही हकिकत सांग. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन या दोन संशोधकांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला. रक्तदाब चढला. त्या अर्कातल्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं फारसं कुणी त्याकडे वळून पाहिलं नाही. १९३४ मध्ये गोल्डब्लाट या अमेरिकन डॉक्टरनं कुत्र्याच्या किडनीची रोहिणी चिमट्यानं आवळून रक्तदाब वाढवून दाखवला, मग सगळ्यांना ते ससे आठवले. आज हृदय आणि किडनी दोन्ही सांभाळणाऱ्या त्या गोळ्या या धाग्यावरूनच आल्या. बाबांनाही कधी ना कधी त्यातली एखादी दिली असेलच. आईला हे एका बैठकीत पटेल असं नाही, पण 'उंदीर' म्हणजे नेमकं काय ते तरी कळेल.

'उशीर झाला' याबद्दल. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा पदार्थ १८३५ साली वेगळा केला गेला. तो दिला की लघवीतून साखर जाते, हे १८८६ मध्ये दिसलं. औषध म्हणून तो कामाचा नव्हता, आतड्यातून नीट शोषलाच जात नसे. त्याची सुधारलेली भावंडं मधुमेहाच्या गोळ्या म्हणून बाजारात यायला एकविसावं शतक उजाडलं. तोवर अमेरिकेच्या औषध नियामकानं २००८ मध्ये नियम केला होता की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला अपाय करत नाही हे दाखवा. म्हणून ४२ देशांतल्या सात हजारांवर रुग्णांवर त्या भावंडांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली. अपाय नाही एवढंच दाखवायचं होतं. २०१५ मध्ये निकाल आला तेव्हा हृदयविकारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं ३५ टक्क्यांनी कमी झालेलं होतं. किडनीचंही भलं होत होतं. २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत त्याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिननं मधुमेह नसलेल्यांनाही फायदा झाला. विचारलं होतं एक, आणि मोलाचं उत्तर शेजारून आलं. ज्या विषयात सालीपासून गोळीपर्यंत पावणेदोनशे वर्षं गेली, तिथे एकतीस या वयाला उशीर म्हणायला माझी जीभ वळत नाही. बाविसाव्या वर्षी तो सिकलसेलचा तरुण तुझ्यासमोर आला असता तर क्रिएटिनिन बघून तू त्याला घरी पाठवलं असतंस. एमडीच्या तीन वर्षांनी तुझी नजर तयार केली.

खरी अडचण वयाची नाही, हप्त्याची आहे, आणि तीन वर्षांच्या लेकराची आहे. ती खरी आहे म्हणून तिला खरं मान. संशोधनात येणाऱ्या मुलींना लोक 'त्याग' शिकवतात, मला ते अजिबात पटत नाही. कर्जात बुडालेल्या घरातून शांत डोक्यानं आकडे तपासता येत नाहीत.

'नागपुरात होणार नाही' हे तर तू विचारलंही नाहीस, ठरवूनच टाकलंस. अभय आणि राणी बंग दोघंही आपल्या मेडिकलचे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत येऊन गडचिरोलीत काम सुरू केलं. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापला. गावातल्या बायकांना शिकवून नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आणला होता. नागपूरहूनही पुढे, जिथे रस्तेसुद्धा धड नव्हते, तिथून तो आला. पण यातलं दुसरं पाऊलही बघ. ते बाहेर गेले होते, रीत शिकायला. प्रश्न इथला होता. तुलाही कदाचित जावं लागेल. मात्र हातात प्रश्न घेऊन गेलीस तर तीन वर्षांत तू तयार होशील. रिकाम्या हातानं गेलीस तर तीन वर्षं दुसऱ्या कुणाचे फॉर्म भरशील.

आता बाबांबद्दल. हे लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं. किडनीच्या आजारात रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, हृदयाची भिंत जाड होते, दोन डायलिसिसच्या मधल्या लांब खंडात पाणी आणि पोटॅशियम चढतं. किडनीचे कितीतरी रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयानं जातात, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण तू लिहिलंस, "मी एमडी करत होते आणि मला कळलं नाही." बाळा, ते कळून थांबवता आलं असतं असं समजू नकोस. आणि संशोधन हे त्या अपराधाचं प्रायश्चित्त असेल तर मला तुझी भीती वाटते. कारण बहुतेक अभ्यासांतून 'फरक आढळला नाही' एवढंच निघतं. चांगल्या, प्रामाणिक अभ्यासांतूनही. त्या दिवशी तुला पुन्हा बाबांना गमावल्यासारखं वाटायला नको. त्या तरुणाचा रिपोर्ट बघून तू थबकलीस, ते कुणाचं देणं फेडायला नव्हे, कुतूहलानं. तिथून चालायला लाग.

माझा कौल स्पष्ट सांगते. यंदा ना प्रकल्प, ना डीएम, ना पहिला मजला. आहेस तिथेच एक वर्ष थांब आणि वहीचा अभ्यास कर. ती जागा हातची जाईल हे मला माहीत आहे. अशा जागा पुन्हा निघतात.

पहिलं काम अभ्यासाचं नाही, डॉक्टरचं आहे. त्या ४३ पैकी ज्यांच्या लघवीत प्रथिनं सापडली, त्यांना ते सांगितलंस का? पुन्हा बोलावलंस का? ताप, लघवीचा संसर्ग किंवा वेदनांचा झटका चालू असताना प्रथिनं तात्पुरती दिसू शकतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय किडनीला धक्का बसला असं म्हणता येत नाही. नोंद करताना रुग्ण झटक्यात होता की बरा होता, हे लिहिलंयस का, तेही बघ. माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी दोन उन्हाळे वीटभट्टीवरच्या मजुरांचे रक्तदाब घेत हिंडले. मे महिन्यातल्या त्या उन्हात पारा लावून रीडिंग घेणं काय असतं, ते तुला वेगळं सांगायला नको. दोनशेच्या वर नोंदी झाल्या. मग आमच्या पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या, विभागातल्या एका सरांनी विचारलं, "यांनी पाणी कधी प्यायलं होतं? रीडिंग सकाळचं की दुपारचं?" मी ते लिहिलंच नव्हतं. सगळ्या वह्या बाजूला ठेवाव्या लागल्या. मजुरांनी कामातून उठून दिलेला वेळ वाया गेला, याचं वाईट मला आजही वाटतं.

म्हणून चव्वेचाळिसाव्या रुग्णाआधी पीएसएममध्ये जा. सँपल साइज, म्हणजे किती रुग्ण लागतील ते, काढायला तर जाच, पण त्याहून जास्त, काय-काय लिहायचं हे ठरवायला जा. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन (तेच प्रथिन) आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, हिमोग्लोबिन, सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे का, आणि जमलं तर प्रत्येकाचं एक टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोसाठी कार्डिऑलॉजीतला एखादा रस असलेला सहकारी शोध, आणि अभ्यास छापताना कुणाचं नाव कुठल्या क्रमानं येणार हे सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या. हे बोलायला संकोच वाटतो, नंतर भांडणं होतात. मग एथिक्स कमिटी. वहीतल्या जुन्या नोंदी वापरायच्या की नाही, आणि संमती कशी घ्यायची, हे कमिटी ठरवेल, तू नाही. नव्या रुग्णाचं इको अभ्यासासाठी करायचं असेल तर त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती लागेलच. एमडी करताना चेन्नईच्या एनआयई या साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स केला असशील, बहुतेक जण परीक्षेपुरता करतात. तीच व्याख्यानं आता वही समोर ठेवून पुन्हा ऐक. वेगळी वाटतील.

वर्षअखेर तुझ्याकडे प्राथमिक आकडे असतील. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा २००८ पासून काम करणारी इंडिया अलायन्स, या संस्था डॉक्टरांना संशोधनासाठी पैसा देतात, त्यांना नेमकं हेच बघायचं असतं. मोठ्या संस्थेशी बोलायला गेलीस तर तूही विचार: आठवड्यातले किती दिवस रुग्ण बघता येतील, अभ्यासाची आखणी आणि संख्याशास्त्र मला कोण शिकवेल, माझा प्रश्न सोबत आणता येईल का. तिन्हींची उत्तरं गोल-गोल आली तर परत ये. डीएमबद्दल तुझे सर चुकीचं सांगत नाहीत. किडनीतज्ज्ञाला रुग्ण मिळतात, शब्दाला वजन येतं, संशोधन त्यासोबत करता येतं. पण डायलिसिस युनिटमध्ये रोज उभं राहणं तुला सोसेल का, ते फक्त तुला माहीत. बाबांच्या खुर्चीसमोरून रोज जाणं काहींना बळ देतं, काहींना आतून पोखरतं.

सासऱ्यांशी 'संशोधन' हा शब्द न वापरता बोल. त्यांना मजल्याची चिंता नाही, हप्त्याची आहे आणि चारचौघांत दिलेल्या शब्दाची आहे. नवऱ्यासोबत कागद-पेन घेऊन बस. महिन्याचा हप्ता किती, त्याच्या कमाईतून किती निघतो, किती कमी पडतो. सरकारी नोकरीच्या नियमात बसत असेल तर मनीषनगरात आठवड्यातल्या दोन संध्याकाळच्या ओपीडीनं ती फट भरते का? बसत नसेल तर हॉस्पिटलचं काम एक मजला कमी ठेवून सुरू करता येईल का? आकडा समोर आला की घरातले आवाज आपोआप खाली येतात, असा माझा अनुभव आहे. आणि नवऱ्याचं म्हणणं तुझ्या पत्रात कुठेच नाही. सगळ्यांचं आहे, त्याचंच नाही. आधी त्याला विचार.

ज्या वाचकांकडे अशी वही नाही त्यांनी निराश होऊ नये. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची अल्पमुदतीच्या संशोधनाची शिष्यवृत्ती योजना (एसटीएस) १९७९ पासून आहे, आणि एमडीचा थिसिस कुणालाच चुकत नाही. थिसिसचा विषय गाइडकडून तयार घेण्याआधी महिनाभर ओपीडीत बसून बघा, कुठला रिपोर्ट रुग्णाशी जुळत नाही.

शेवटचं, तुझ्यासाठी. वहीत नावं आहेत असं तू लिहिलंस. ती वही ड्यूटी रूमच्या टेबलावर पडलेली असणार, मला त्या टेबलांची कल्पना आहे. आज घरी ने. प्रत्येकाला एक नंबर दे, नंबर आणि नाव एका वेगळ्या कागदावर लिही, तो कागद कुलपात ठेव. मग दुसऱ्या, कोऱ्या वहीत एक ते त्रेचाळीस पुन्हा उतरवून काढ, या वेळी नावांशिवाय. पीएसएमला जाताना ही दुसरी वही ने.